जुनी नाती आणि आत्मसन्मान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाच्या कामात तेच ते प्रश्न वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले येत राहतात. काही दोन ओळींचे, काही दहा पानांचे आणि बरेचसे पहाटे तीनला पाठवलेले. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एखादं उत्तर दुसऱ्यात शिरत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, तिकडे जावं.

१. आत्मसन्मान म्हणजे आत्मविश्वासच ना? तो मोजता येतो का?

दोन्ही वेगळे. आत्मविश्वास म्हणतो, ‘मला हे जमेल.’ आत्मसन्मान म्हणतो, ‘नाही जमलं तरी मी टाकाऊ नाही.’ भरल्या सभेत बिनधास्त बोलणारा माणूस घरी जोडीदाराच्या एका थंड ‘हं’वरून रात्रभर कूस बदलत राहतो, ते यामुळेच. अहंकाराशीही गल्लत नको. अहंकाराला मोठं वाटायला दुसरा खाली लागतो.

मोजण्याचं म्हणाल, तर मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये मांडलेली १० विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. फक्त ब्रेकअपच्या आठवड्यात ती भरू नका. तापात काढलेला फोटो कुणी पासपोर्टवर लावत नाही.

२. नातं तुटल्यावर दुःख होणार हे कळतं. पण ‘मीच कमी पडले’ असं का वाटतं?

मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक कल्पना मांडली. आत्मसन्मान हा गाडीतल्या इंधनाच्या काट्यासारखा असतो आणि माणसं आपल्याला कितपत आपलं मानतात, ते तो दाखवत राहतो. सगळ्यात जवळच्या माणसानं पाठ फिरवली की काटा खाली येणारच. काटा खाली आला म्हणून गाडी भंगारात निघाली असं होत नाही, पण त्या अवस्थेत हे कुणाला सुचत नाही.

मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. नात्यात दोन माणसं एकमेकांत मुरतात. ‘आम्हाला गर्दी आवडत नाही’, ‘आम्ही उशिरा झोपतो’, ‘आम्ही असले सिनेमे बघत नाही’. यातला ‘आम्ही’ एक दिवस उठून गेला की उरलेल्या ‘मी’ला काय आवडतं, हेच आठवेनासं होतं. स्लॉटर, गार्डनर आणि फिंकेल या संशोधकांनी २०१० मध्ये नेमकं हे तपासलं. ब्रेकअपनंतर लोकांच्या मनातलं ‘मी कोण’ हे चित्र धूसर झालं होतं आणि त्या धूसरपणाचा त्यांच्या त्रासाशी थेट संबंध होता. ‘मी कमी पडले’ असं लिहिणाऱ्या कितीतरी जणी खरं म्हणजे ‘मी मला सापडत नाहीये’ असं सांगत असतात. या दोन तक्रारींची औषधं वेगळी आहेत (प्रश्न ११).

३. हे किती दिवस चालतं? मला तर यातून बाहेर पडेन असं वाटतच नाही.

जर्मनीतल्या ९,००० हून अधिक लोकांची माहिती घेऊन लुचिआनो आणि ऑर्थ यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रेकअपनंतर आत्मसन्मान घसरतो हे त्यात दिसलं, पण वर्षभरानंतर ती घसरण शिल्लक नव्हती. हे सरासरीचं बोलणं आहे. तुमचं वर्ष आठ महिन्यांचं असेल किंवा दोन वर्षांचं.

‘बाहेर पडणारच नाही’ या भावनेबद्दलही अभ्यास आहे. ईस्टविक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रेमात असलेल्या विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं, की नातं तुटलं तर किती त्रास होईल. ज्यांचं पुढे खरंच तुटलं, त्यांना अंदाजापेक्षा कमी त्रास झाला. जे जास्त प्रेमात होते त्यांचा अंदाज जास्त चुकला.

मात्र झोप, भूक, काम सगळंच आठवडेच्या आठवडे बंद पडलं असेल, तर वर्षाची वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि जगणंच नको वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा, हे पान नंतर वाचा.

४. नातं संपून कितीतरी वर्षं झाली. माणूस आठवतही नाही, पण त्याची वाक्यं डोक्यातून जात नाहीत. असं का?

एकदा एक बाई बोलता बोलता खळखळून हसल्या आणि हसताच त्यांचा हात तोंडावर गेला. थोड्या वेळानं पुन्हा हसू आलं, पुन्हा हात. मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी हाताकडेच पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग आठवलं. आधीचा जोडीदार एकदा चारचौघांत म्हणाला होता, ‘हळू हस गं, लोक बघतायत.’ तो माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती. हात अजून त्याचं ऐकत होता.

असे हात पुष्कळांना असतात. एक जण ‘पोहोचलो’ एवढा मेसेजसुद्धा चार वेळा वाचून पाठवतो, कारण शुद्धलेखनावरून त्यानं कधीकाळी फार टोमणे खाल्ले आहेत. एक मुलगी दर वाक्याआधी ‘सॉरी, पण’ म्हणते. विचारलं की ‘माझा स्वभावच असा’ हे उत्तर मिळतं. जुन्या नात्याची सर्वांत चिवट खूण हीच, की ती आपल्याला स्वतःचा स्वभाव वाटू लागते.

वाक्यं टिकतात कारण ती फार जवळून आलेली असतात. परक्यानं ‘तू कंटाळवाणा आहेस’ म्हटलं तर त्याला काय माहीत, म्हणून सोडून देता येतं. जोडीदाराला तर सगळं माहीत होतं! मग मन म्हणतं, ज्यानं सगळं पाहिलं त्याचाच निकाल खरा. लॉरेन हाऊ आणि कॅरल ड्वेक यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की ‘स्वभाव बदलत नसतो’ असं मानणारे लोक नकाराला स्वतःविषयीचा उलगडा समजतात आणि तो पुढच्या नात्यांतही ओझ्यासारखा नेतात. स्वभाव बदलतो असं मानणाऱ्यांनाही लागतं, पण ते त्यावरून स्वतःची व्याख्या नव्यानं लिहीत नाहीत.

करून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. ते वाक्य जसंच्या तसं कागदावर लिहा. खाली लिहा: कधी म्हटलं, कशावरून, भांडण सुरू होऊन किती वेळ झाला होता, त्याआधी तुम्ही काय म्हणाला होतात. पुष्कळदा दिसतं, की भांडणाच्या तिसऱ्या तासाला, समोरच्याला लागावं म्हणूनच फेकलेलं वाक्य आपण ताम्रपटासारखं जपून ठेवलं आहे. (वाक्य खरंच असेल तर? प्रश्न १३.)

५. सोडून मी आलो. मग माझंच मन का खातं?

कारण नकार देणाऱ्याच्या वाट्यालाही ओरखडे येतात, फक्त त्याचं सांत्वन करायला कुणी येत नाही. बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजू लोकांकडून लिहून घेतल्या. नाकारलेल्यांचा आत्मसन्मान दुखावला होता, तर नाकारणाऱ्यांच्या लिखाणात अपराधीपणा आणि गोंधळ भरलेला होता. ‘मी वाईट माणूस आहे का’ हा प्रश्न ‘मी कमी आहे का’ यापेक्षा वेगळा आहे, पण स्वतःविषयीचं मत तोही पोखरतो. निर्णय कठोर असणं आणि वागणं क्रूर असणं यांत फरक करा. पहिल्याबद्दल माफी मागायची नसते. दुसरं घडलं असेल तर प्रश्न १५ पाहा.

६. आमचं ‘ऑफिशियल’ काहीच नव्हतं. मग इतकं का लागावं?

नाव नव्हतं म्हणूनच. नातं जाहीर असतं तेव्हा तुटल्यावर मैत्रिणी येतात, फोन होतात, चार शिव्या घातल्या जातात. नाव नसलेलं नातं तुटलं की दुःखालाही परवानगी मागावी लागते. वर शेवट कधी झाला तेच नक्की नसतं. उत्तरं उशिरा येऊ लागली, मग एका शब्दाची झाली, मग बंद. कारण कुणी सांगितलं नाही की रिकामी जागा आपण भरतो आणि ती हटकून स्वतःच्या दोषांनीच भरतो. कारण कळलेलं नाही, एवढंच सत्य लिहून ठेवा. ‘मी आवडलो नसेन’ हा तुमचा तर्क आहे.

७. आताचा जोडीदार खरंच चांगला आहे. तरी त्याचं कौतुक मला खरं वाटत नाही. मी वेडी आहे का?

नाही. सँड्रा मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं या विषयावर बरंच काम आहे. आत्मसन्मान कमी असलेली माणसं ‘जोडीदार मला किती मानतो’ याचा अंदाज वास्तवापेक्षा कमी करतात, आणि तो कमी वाटला की आधीच एक पाऊल मागे घेतात. समोरच्याला दिसतं फक्त ते मागे घेतलेलं पाऊल. तो गोंधळतो, थोडा दुरावतो आणि आपण म्हणतो, ‘बघा, मला माहीतच होतं.’

इथे जोडीदाराला कामाला लावण्यात अर्थ नाही. ‘सांग ना, मी तुला खरंच आवडते ना’ हा प्रश्न दहाव्यांदा विचारला की दहावं ‘हो’ पहिल्यापेक्षा पोकळ वाटतं. त्यापेक्षा त्याला एकदाच सांगा: ‘कौतुक ऐकलं की मी आधी खोट शोधते. ही माझी जुनी सवय आहे, तुझ्यावरचा अविश्वास नाही.’ आणि कौतुकाला ‘छे, काहीतरीच!’ ऐवजी नुसतं ‘बरं वाटलं’ म्हणून थांबायचा सराव करा. पहिले काही दिवस जीभ जड होईल.

८. दर वेळी मला तसलीच माणसं का भेटतात?

भेटतात सगळ्या तऱ्हेची. थांबता तुम्ही विशिष्ट माणसांपाशी. विल्यम स्वॉन यांचं म्हणणं असं, की माणसाला कौतुकापेक्षाही ओळखीचं हवं असतं: स्वतःबद्दल जे वाटतं तेच दुसऱ्यानंही म्हणावं. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात, स्वतःबद्दल वाईट मत असलेले विवाहित लोक त्यांच्याबद्दल वाईट मत असलेल्या जोडीदाराशीच जास्त बांधलेले दिसले. ऐकायला विचित्र वाटतं. पण जो तुम्हाला मान देतो तो ‘मिळमिळीत’ वाटतो आणि जो झुलवत ठेवतो त्याच्यासाठी जीव खालीवर होतो, हा अनुभव तुमचाही असेल.

दुसरा धागा बालपणाकडे जातो. हेझन आणि शेव्हर यांनी १९८७ मध्ये मांडलं, की लहानपणी सांभाळणाऱ्यांशी जसा भावबंध जुळतो, त्याच्या छटा मोठेपणीच्या प्रेमात दिसतात. छटा म्हणजे शिक्का नव्हे. या एका कल्पनेवरून स्वतःला ‘चिंताळू’ आणि एक्सला ‘टाळणारा’ अशी लेबलं लावून मोकळं होण्याची फॅशन आली आहे, ती मला पटत नाही. लेबलं लावल्यावर लोक विचार करायचे थांबतात.

९. काट्यानं काटा काढावा म्हणून लगेच दुसरं नातं सुरू केलं तर?

प्रेमात पडल्यावर स्वतःबद्दलचं मत सुधारतं, हे आर्थर अॅरन यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे बरं वाटतं ते खोटं नसतं. पण प्रश्न ३ मधल्या जर्मन अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. नव्या नात्यानं आत्मसन्मान वाढला, तो नातं किमान वर्षभर टिकलं तरच. मी सरसकट ‘सहा महिने थांबा’ असं सांगत नाही. एवढंच विचारते, की हा माणूस तुम्हाला आवडतो की त्याला तुम्ही आवडता, हे आवडतं?

१०. आरशासमोर उभं राहून ‘मी प्रेम करण्याजोगी आहे’ असं रोज म्हणते. उलट वाईटच वाटतं!

तुम्ही चुकत नाही आहात. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच वाक्य लोकांना स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान मुळात चांगला होता त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचा कमी होता, म्हणजे ज्यांना या उपायाची गरज होती, त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. मनाला न पटणारं वाक्य मोठ्यानं म्हटलं की मन आतून उलटतपासणी सुरू करतं. आरसा दात घासायला ठेवा.

११. मग करायचं तरी काय?

आधी तक्रार कोणती ते ठरवा (प्रश्न २).

‘मी सापडत नाहीये’ असं असेल, तर स्वतःबद्दल विचार करत बसण्यापेक्षा छोट्या आवडीनिवडी पुन्हा वापरात आणा. मी लोकांना एक यादी करायला सांगते: नात्याआधी मी करत होतो आणि नात्यात हळूहळू सुटलं, असं काय काय? एका गृहस्थांनी लिहिलं, ‘खिडकी उघडी ठेवून झोपणं.’ जोडीदाराला थंडी वाजायची म्हणून बारा वर्षं खिडकी बंद होती. घटस्फोट होऊन सात महिने झाले होते आणि ते अजून रोज रात्री उठून कडी लावत होते. त्या रात्री उघडी ठेवली. ‘झोप नाही लागली, पण आवाज ऐकत पडलो,’ म्हणाले. यादीत शेवटी जे लिहाल, लिहिताना थोडं हसू येईल असं, तिथून सुरुवात करा. नात्यात नव्यानं लागलेल्या चांगल्या सवयीही टाकायची गरज नाही. त्याच्यामुळे पोहायला शिकलात म्हणून पाणी त्याचं होत नाही.

‘मी कमी आहे’ असं असेल, तर उपाय मायेचा. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये घटस्फोट झालेल्या शंभरहून अधिक जणांना आपल्या विभक्त होण्याबद्दल ४ मिनिटं बोलायला सांगून ते ध्वनिमुद्रित केलं. बोलण्यात स्वतःविषयी करुणा जितकी जास्त, तितका पुढच्या ९ महिन्यांत मनाचा छळ कमी दिसला. करुणा म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत. ‘मूर्ख होते मी’ आणि ‘तेव्हा मला जेवढं कळत होतं त्यात मी तसं वागले’ या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते.

एक्सचं प्रोफाइल बघणं थांबवा, हे वेगळं सांगायला हवं का? टारा मार्शल यांनी २०१२ मध्ये फेसबुकवर हेच तपासलं. जे जास्त डोकावत होते त्यांचा त्रास जास्त होता. त्रास आहे म्हणून डोकावतात की डोकावतात म्हणून त्रास, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही. तुम्ही मात्र आठवडाभर बंद ठेवून स्वतःपुरतं ठरवू शकता.

१२. नातं तुटल्यावर मला चक्क हलकं वाटलं. मी दगड आहे का?

मुळीच नाही. लेवांडोव्स्की आणि बिझोको यांच्या २००७ च्या अभ्यासात, ज्या नात्यात माणसाची वाढच होत नव्हती ते सुटल्यावर अनेकांना ‘मी परत मी झालो’ असं वाटल्याचं दिसलं. बहुतेकदा तुमचं रडून आधीच झालेलं असतं, नात्यात असतानाच. कुणी ‘तुला काहीच कसं वाटत नाही’ म्हणालं तर रडून दाखवायची गरज नाही.

१३. पण त्यानं जे म्हटलं ते खरंच असेल तर? मी खरोखर संशयी होते.

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. ‘तो विषारी होता’ म्हणून विषय बंद करणं सोपं असतं.

टीका खरी असू शकते. तुम्ही फोन तपासलेत, मित्रांवरून भांडलात, तर ते घडलं आहे. पाहायचं एवढंच, की टीका वागण्यावर आहे की तुमच्या असण्यावर. ‘तू माझा फोन न विचारता उघडलास’ यावर काही करता येतं. ‘तुझ्यासोबत कुणीच राहू शकणार नाही’ यावर काय करणार? पहिलं ठेवा, दुसरं परत करा. एकाच माणसानं एकाच श्वासात दोन्ही म्हटलेलं असतं, म्हणून निवडायला वेळ लागतो. चूक मान्य केल्यानं आत्मसन्मान घटतो असं वाटतं खरं, पण मी उलटंच जास्त पाहिलं आहे. ‘हो, तेवढं माझं चुकलं’ असं म्हणू शकणारा माणूस उरलेल्या आरोपांना जास्त ठामपणे नाही म्हणतो.

१४. तो हात उचलत नव्हता. मग त्याला छळ म्हणायचं का?

कुणाला भेटायचं, पैसे किती वापरायचे, काय घालायचं, हे तो ठरवत असेल, झालेल्या गोष्टीबद्दल ‘असं मी बोललोच नाही, तुझ्या डोक्यात काहीतरी आहे’ असं वारंवार म्हणत असेल, आणि तो घरी यायच्या वेळेला तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर हो.

अशा नात्यात आत्मसन्मानाच्याही आधी स्वतःच्या डोळ्याकानांवरचा विश्वास जातो. म्हणून वर दिलेले उपाय इथे तसेच लावू नका. ‘टीकेत तथ्य किती’ हा प्रश्न १३ मधला हिशेब तर नकोच. अशी माणसं तो हिशेब गेली कित्येक वर्षं करतच आलेली असतात. अजून त्या नात्यात असाल तर आधी सुरक्षितता. विश्वासातल्या एका माणसाला सगळं सांगा. निघायचं ठरलं असेल तर रागाच्या भरात समोर जाहीर करू नका, कारण निघण्याचा काळ सर्वांत धोक्याचा ठरू शकतो. बाहेर पडला असाल तर अशा प्रकरणांचा अनुभव असलेले समुपदेशक गाठा. हे एकट्यानं निस्तरायचं काम नाही.

१५. उलटं आहे. मीच कुणालातरी असं बोललोय की ती अजून सावरलेली नाही. आता काय करू?

सध्या हा प्रश्न वाढलाय, आणि लिहिणारे बहुतेक जण सोबत माफीचं पत्रही जोडतात. त्यातलं एक पत्र तीन पानांचं होतं. मी त्यातले ‘मी’ मोजले: ४१. ‘तू’ सहा.

माफी मागायची असेल तर ती तिला हवी आहे का, याचा आधी विचार करा. तिनं संपर्क तोडला असेल तर तेच उत्तर समजा. दार उघडं असेल तर चार ओळी पुरतात: मी अमुक म्हणालो, ते खरं नव्हतं, मला दुखवायचं होतं म्हणून म्हणालो, उत्तर देण्याची गरज नाही. ‘पण तूसुद्धा’ हे शब्द आले की पत्र फाडा. तिनं माफ केलं तरच मला स्वतःकडे बघता येईल, असं वाटत असेल तर तूर्त पाठवूच नका, कारण मग तुमचा आत्मसन्मान सांभाळायचं कामही तिच्यावरच येऊन पडतं.

त्या गृहस्थांनी तीन पानांच्या चार ओळी केल्या. पाठवल्या की नाही, ते मी विचारलं नाही.